नागरिकशास्त्राच्या तासिकेसाठी

२६ नोव्हेंबर २०२२ रोजी शनिवार असल्याने शाळा सकाळची होती. आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत संविधान दिन साजरा झाला, प्रभातफेरी निघाली आणि सहावीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने परिपाठात संपूर्ण उद्देशिका कोठेही न अडखळता म्हणून दाखविली. दुपारी जेवताना मी तिला शेवटच्या ओळीचा अर्थ विचारला. ‘हे संविधान अंगीकृत आणि अधिनियमित करून स्वतःप्रत अर्पण करत आहोत’ हे शब्द तिला मुखोद्गत होते. थोडा विचार करून ती म्हणाली, “आई, प्रत म्हणजे झेरॉक्स. संविधानाची एक प्रत आपण आपल्याजवळ ठेवली, असा अर्थ आहे.”

तिने आपल्या बुद्धीने अर्थ लावला होता आणि तो तर्काला धरूनही होता. मला जे लागले ते वेगळेच होते. पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर छापलेले आणि परिपाठात नेमाने म्हटले जाणारे हे शब्द तिला कोणी एकदाही उलगडून सांगितले नव्हते, आणि त्या ‘कोणी’मध्ये मीही होते. मी तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत लेखनिक आहे; ठराव, इतिवृत्त, आवक-जावक यांच्याशी माझा रोजचा संबंध येतो. त्याच वर्षी पालक प्रतिनिधी म्हणून शाळा व्यवस्थापन समितीवर माझी निवडही झाली होती. तरीही शाळेत नागरिकशास्त्र कसे शिकविले जाते, याची मी कधी विचारपूस केली नव्हती.

मी तिचे ‘इतिहास व नागरिकशास्त्र’ हे पुस्तक उघडले. पुस्तक चांगले आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे. समाजजीवन, विविधता, ग्रामीण व शहरी स्थानिक शासन संस्था, जिल्हा प्रशासन असा क्रम घेऊन ते मुलाला त्याच्या गल्लीपासून जिल्ह्यापर्यंत नेते. पण पुस्तकात आधी सगळा इतिहास येतो आणि मग नागरिकशास्त्र. वर्गात ज्या क्रमाने पाने उलटतात त्या क्रमाने गेल्यास ग्रामपंचायतीचा धडा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे परीक्षेच्या तोंडावर येतो. पुढे दहावीतही हेच वळण राहते. इतिहास व राज्यशास्त्र या ४० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत राज्यशास्त्राच्या वाट्याला १२ गुण येतात, आणि जेथे गुण कमी तेथे वेळही कमी, हा हिशेब शिक्षक, पालक आणि मुले सगळेच न बोलता मान्य करतात.

मी वर्गशिक्षक गुरुजींना भेटले. त्यांनी काहीही न झाकता परिस्थिती सांगितली. सहावी आणि सातवी हे दोन वर्ग त्यांच्या एकट्याकडे होते, त्यातच पोषण आहाराच्या नोंदी, मतदारयाद्यांचे काम आणि दर आठवड्याला मागविली जाणारी ऑनलाइन माहिती. “ताई, मला शिकवायचे आहे, पण नागरिकशास्त्र शिकवायचे म्हणजे मुलांना वर्गाबाहेर न्यावे लागते आणि बाहेर नेले की कोणीतरी विचारते, हे कोणाच्या परवानगीने चालले आहे.” त्यांच्या या वाक्यातच पुढच्या सगळ्या कामाची दिशा होती, हे मला फार उशिरा समजले.

डिसेंबरच्या मासिक सभेत मी विषय मांडला आणि तो पहिल्याच फटक्यात पडला. वेळही चुकली होती. १८ डिसेंबरला राज्यातील सात हजारांहून अधिक ग्रामपंचायतींबरोबर आमच्याही ग्रामपंचायतीची निवडणूक होती, गावात दोन गट उभे ठाकले होते आणि समितीतील सदस्यही त्या गटांत विभागलेले होते. “पोरांना आत्तापासून राजकारण कशाला?” असे एका ज्येष्ठ सदस्याने विचारले, आणि बहुतेकांनी माना डोलावल्या. त्या प्रश्नामागची भीती खोटी नव्हती. गेल्या निवडणुकीत शाळकरी मुलांच्या हाती पत्रके देऊन त्यांना घरोघर पाठविण्यात आले होते, हे सर्वांच्या लक्षात होते. मी त्या दिवशी उत्तर देऊ शकले नाही. निकाल लागून गुलाल धुतला जाईपर्यंत थांबावे, एवढेच ठरविले.

जानेवारीच्या सभेला मी कायदा वाचून गेले. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ यातील कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समिती स्थापन होते. तिच्यातील किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. कलम २२ नुसार शाळा विकास आराखडा तयार करणे हे या समितीचे काम आहे. आमच्याकडे हा आराखडा म्हणजे वर्गखोल्यांची डागडुजी, रंगकाम आणि संरक्षक भिंत एवढाच समजला जात असे. त्यात अध्यापनाविषयीची गरजही नोंदविता येईल, असे मी सुचविले. त्या ज्येष्ठ सदस्यांनाच मी विनंती केली की, शाळेत कोणत्या गोष्टी बोलायच्या नाहीत, याचे नियम आपण लिहून द्यावेत. त्यांनी ते दिले आणि आजही ते नियम वर्गात लावलेले आहेत: कोणत्याही पक्षाचे, गटाचे किंवा उमेदवाराचे नाव घ्यायचे नाही, घरात कोणी कोणाला मत दिले हे विचारायचे नाही, प्रश्न पदाविषयी व कामाविषयी विचारायचा, माणसाविषयी नाही. हे नियम त्यांच्या हस्ताक्षरात आल्यावर विरोधाची धार गेली. ठरावाला अनुमोदनही त्यांनीच दिले.

यानंतरचे चार महिने पाठपुराव्यात गेले. या काळातील माझ्या चुका सविस्तर लिहिते, कारण अशा कामाला लागणाऱ्या दुसऱ्या कोणा पालकाला त्या उपयोगी पडतील.

पहिला अर्ज मी दोन पानांचा लिहिला. लोकशाही, उद्याचे नागरिक, जाणीवजागृती असे सारे त्यात होते. तो मी पंचायत समितीच्या शिक्षण विभागात एका कर्मचाऱ्याच्या हाती दिला आणि परत आले. दीड महिन्याने चौकशीला गेले तेव्हा अर्ज कोणाच्याच टेबलावर नव्हता आणि माझ्याकडे पोच नव्हती. रोज इतरांना पोच देणारी मी स्वतः पोच न घेता परत आले होते, याचे मला फार वाईट वाटले. दुसऱ्यांदा दोन प्रती नेल्या आणि एकीवर शिक्का व आवक क्रमांक घेतला, तरी उत्तर आले नाही. शेवटी आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, केंद्रप्रमुखांनी तो अर्ज माझ्यासमोर वाचला आणि शांतपणे विचारले, “यात मागणी कुठे आहे?”

खरोखरच नव्हती. मी तळमळ लिहिली होती, आणि कार्यालयाला तळमळीवर कार्यवाही करता येत नाही. तिसऱ्या अर्जात मी फक्त तीन वाक्ये लिहिली. सहावी व सातवीच्या नागरिकशास्त्राच्या तासिका वर्षाच्या शेवटी न ठेवता जूनपासून दर आठवड्याला एक याप्रमाणे घेण्यास हरकत नसल्याचे कळवावे. मुख्याध्यापकांच्या नियंत्रणाखाली विद्यार्थ्यांना गावातील ग्रामपंचायत कार्यालयात नेण्यास लेखी परवानगी द्यावी. केंद्राच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातील शिक्षकांच्या बैठकीत, या विषयासाठी अर्धा तास मिळावा. नवा विषय नको, नवे पुस्तक नको, निधीही नको, हे स्पष्ट झाल्यावर मे महिन्यात परवानगीचे पत्र आले. शिक्षण परिषदेत अर्ध्या तासाऐवजी पंधरा मिनिटे मिळाली. तेवढ्यातही शेजारच्या शाळेतील एका बाईंनी बीड जिल्ह्यात २००९ साली सुरू झालेल्या आणि पुढे राज्यभर पोहोचलेल्या मूल्यवर्धन या मूल्यशिक्षणाच्या कार्यक्रमातील गटकार्याचा आपला अनुभव सांगितला, आणि मुलांना बोलते करण्याची ती पद्धत आम्ही पुढे बरीचशी उचलली.

जून २०२३ पासून शनिवारची एक तासिका नागरिकशास्त्राची झाली. गुरुजी शिकवीत आणि मी मदतनीस म्हणून महिन्यातून दोनदा जात असे. सकाळची शाळा असल्याने रजा काढावी लागली नाही. उद्देशिकेपासूनच सुरुवात केली. ‘स्वतःप्रत’ म्हणजे ‘स्वतःला’ हे सांगायला अर्धे मिनिटही लागत नाही. पण आपणच आपल्याला संविधान का दिले, दुसऱ्या कोणी का दिले नाही, या प्रश्नावर एकतीस मुलांनी पाऊण तास घालविला. एका मुलाने विचारले, “आम्ही म्हणजे तेव्हा जे जिवंत होते ते, की आपणसुद्धा?” गुरुजींनी त्या दिवशी उत्तर फळ्यावर लिहिले नाही, प्रश्नच लिहून ठेवला.

जुलैमध्ये ग्रामपंचायत कार्यालयाची भेट झाली. धड्यात सरपंच, ग्रामसेवक, ग्रामसभा यांची कामे दिलेली आहेत, पण कार्यालयातील कपाट उघडून दप्तर पाहणे ही निराळी गोष्ट असते. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी गावनकाशा, अंदाजपत्रक आणि नमुना ८, म्हणजे घरांच्या कर आकारणीची नोंदवही, मुलांसमोर ठेवली. मुले आपापली घरे शोधू लागली. एका मुलीला घराच्या नोंदीत वडिलांच्या शेजारी आईचेही नाव सापडले आणि दुसरीला ते सापडले नाही. “काकू, माझ्या आईचे का नाही?” असे तिने मला विचारले. घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे करून घेता येते आणि त्यासाठी अर्ज करावा लागतो, हे भाऊसाहेबांनी तिला समजावून सांगितले. पुढे तिच्या आईने तो अर्ज केला.

याच भेटीत माझ्या हातून एक मोठी चूक झाली. नमुना ८ नंतर मी नमुना ९, म्हणजे कर मागणीची नोंदवहीही मुलांना पाहू द्यावी असे सुचविले. त्यात थकबाकी असते. एका मुलाने उत्साहाच्या भरात वर्गमित्राच्या वडिलांच्या नावापुढचा थकबाकीचा आकडा मोठ्याने वाचला. तो मुलगा खाली मान घालून उभा राहिला आणि त्यानंतर दोन शनिवार शाळेत आला नाही. त्याच्या वडिलांनी समितीकडे तक्रार केली, आणि ती अगदी रास्त होती. त्या वर्षी त्यांचे टोमॅटो शेतातच सडले होते. मी त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. दस्तऐवज सार्वजनिक असला तरी तो अकरा वर्षांच्या मुलाच्या हाती कोणत्या रूपात द्यायचा, याचा विचार मोठ्यांनी करायचा असतो, आणि तो मी केला नव्हता. तेव्हापासून आम्ही फक्त एकूण बेरजा दाखवितो: मागणी किती, वसुली किती, स्वउत्पन्नातील दहा टक्के महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवायचे असतात ते किती व कशावर खर्च झाले. ग्रामपंचायत समजण्यासाठी एवढे पुरते.

त्या दहा टक्क्यांवरूनच मुलांचा प्रश्न तयार झाला. शाळेतील मुलींच्या स्वच्छतागृहात नळ होता, पण टाकीपासून तेथपर्यंतची नळजोडणी दोन वर्षांपासून तुटलेली होती, त्यामुळे मुली बादलीने पाणी नेत. बालसभेत हा विषय निघाला तेव्हा मुलांनी आधी तक्रार लिहिली. गुरुजींनी त्यांना तक्रार आणि मागणी यांतील फरक विचारला, आणि केंद्रप्रमुखांनी मला शिकविलेला धडा मला वर्गाच्या मागच्या बाकावर बसून पुन्हा ऐकायला मिळाला. नळ तुटला आहे ही तक्रार. अमुक निधीतून, अमुक मुदतीत, अमुक लांबीची नळी बसवावी ही मागणी. मुलांनी दोरीने अंतर मोजले आणि ते अर्जात घातले.

ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदारयादीत नाव असलेल्या सर्व व्यक्ती. मुलांना तेथे उपस्थित राहता येते, मत देता येत नाही. म्हणजे विषय कोणातरी मोठ्या माणसाने मांडायला हवा होता. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घ्यावी लागते, ही तरतूद आमच्या गावात केवळ सह्या घेण्यापुरती उरली होती. त्या वेळी मुलींच्या आयांनी ती खरोखर भरविली आणि विषय एकमताने पुढे पाठविला.

१५ ऑगस्टला ध्वजवंदनानंतर मुले गणवेशातच ग्रामपंचायतीच्या पटांगणात बसली. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. आमच्यासाठी ती शंभर होती आणि हजेरीवहीवर त्रेसष्ट सह्या झाल्या. सभा तहकूब झाली. मुलांचे चेहरे उतरले. ध्वजवंदनाला एवढी गर्दी होती आणि तासाभरात ती कोठे गेली, असे एका मुलीने विचारले. त्यावर आम्हा मोठ्यांपैकी कोणाकडेच सांगण्यासारखे काही नव्हते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, हे मुलांना पुढच्या तासिकेत कळले. मग कमी लोकांतही निर्णय होतात आणि ते न आलेल्यांनाही लागू होतात, हे त्यांनी आपण होऊनच ताडले. महिनाअखेरीस तहकूब सभा झाली, तेव्हा पावसाच्या झडीतही मुलांनी आपल्या घरच्यांना ओढून आणले होते. विषय वाचला गेला, हात वर झाले, सरपंचांनी होकार दिला आणि टाळ्या वाजल्या. आमच्या लेखी काम झाले होते.

सप्टेंबरमध्ये इतिवृत्ताची नक्कल मागवून गुरुजींनी ती वर्गात वाचायला दिली. सातवीतील एक अबोल मुलगी, जी वर्षभरात क्वचितच बोलली होती, ती पुन्हा पुन्हा एकाच ओळीवर बोट ठेवून वाचत राहिली. “गुरुजी, यात ‘शाळेच्या अडचणींबाबत चर्चा झाली’ असे लिहिले आहे. ठरले असे कुठेच लिहिलेले नाही.” मी ती नक्कल तिच्याआधी वाचली होती. हेच काम रोज करीत असूनही ते माझ्या नजरेतून सुटले होते. सूचक नाही, अनुमोदक नाही, ठराव क्रमांक नाही. अशा नोंदीवर कोणताही खर्च मंजूर होत नाही.

भाऊसाहेबांनी घाईत लिहिले असेल, असे मी आजही मानते. त्यांच्याशी वाद घालण्याचे कारण नव्हते, कारण उपाय पद्धतीतच होता. पुढच्या सभेच्या आरंभी मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले जाते, आणि त्या वेळी दुरुस्ती सुचविता येते. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत त्या मुलीच्या आजीने उभे राहून दुरुस्ती सुचविली. आजी शाळेत गेलेल्या नव्हत्या, नातीने आदल्या रात्री वाक्य पाठ करून घेतले होते: “चर्चा झाली हे बरोबर आहे, पण ठरावही झाला होता, तो लिहावा.” सभेत कोणी हरकत घेतली नाही. ठराव सूचक-अनुमोदकांच्या नावांसह लिहिला गेला. दिवाळीनंतर नळी बसली आणि नळाला पाणी आले.

या वर्षभरात काय साधले, हे मोजताना मी सावध आहे. परीक्षेतील गुण फारसे बदलले नाहीत आणि ते बदलावेत असा आमचा हेतूही नव्हता. मुले प्रश्न विचारू लागली, हे खरे आहे. पण ते टिकविण्यासाठी एका शाळेतील एका शिक्षकाची तळमळ पुरत नाही. २०२४ मध्ये गुरुजींची बदली झाली. नव्या बाई तयारीच्या आहेत, तरी त्यांना पहिल्यापासून सगळे सांगावे लागले, कारण आमच्याकडे लिहून ठेवलेले काही नव्हते. म्हणून आता तासिकांचे टिपण, भेटीची पूर्वतयारी, ज्येष्ठ सदस्यांचे नियम आणि नमुना ९ च्या प्रसंगानंतर घातलेली मर्यादा, असे सर्व एका वहीत उतरवून काढले आहे आणि ती वही शाळेच्या दप्तरात ठेवली आहे. वादाचा प्रश्न वर्गात आला तर शिक्षकाने काय करावे, यासाठी प्रशिक्षण मिळावे, अशी मागणी आम्ही जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे केली आहे. शिक्षकांना भीती वाटते ती विषयाची नाही, एकटे पडण्याची. आणि समितीचा लेखी ठराव पाठीशी असला की ती पुष्कळ कमी होते, हे मी जवळून पाहिले आहे.

माझी मुलगी आता तालुक्याच्या माध्यमिक शाळेत जाते. तेथेही आधी इतिहास संपतो आणि संसदेचे धडे वर्षाच्या शेवटी येतात. मागच्या महिन्यात तिने आणि तिच्या तीन मैत्रिणींनी तासिकांचा क्रम बदलण्याविषयी मुख्याध्यापकांना अर्ज लिहिला. मी तो पाहिला तेव्हा मागणी पहिल्याच वाक्यात होती. तिने मला एवढेच विचारले, “आई, किती प्रती काढू?” मी दोन सांगितल्या. पोच तिने त्याच दिवशी आणली. उत्तर अजून आलेले नाही, आणि पुढच्या सोमवारी त्या चौघी चौकशीला जाणार आहेत.